ठराव, टोल आणि मतपेटी

राजर्षी शाहूंचं नाव घेतल्याशिवाय कोल्हापुरात प्रचाराचा नारळ फुटत नाही. गंमत अशी, की ज्या कामांसाठी हे नाव घेतलं जातं, त्यांतल्या एकालाही कुणाचं मत लागलं नव्हतं. 26 जुलै 1902 च्या हुकमाने संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत, मग सोबतच्या मानकऱ्यांना नाही म्हणायची सोय उरत नसे. हे सारं तेव्हा मतदानाला टाकलं असतं, तर निकाल सांगायला ज्योतिषी लागला नसता. तरीही हेच शाहू ब्राह्मणेतरांना कायदेमंडळात राखीव जागा मिळाव्यात म्हणून आग्रह धरत होते. हुकूम राजाबरोबर संपतो, हे राजालाच अधिक कळत असावं.

मताने काहीच होत नाही म्हणणारे 1957 विसरतात. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला आडवं केलं आणि तीन वर्षांनी मुंबईसह राज्य मिळालं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची रोजगार हमी 1977 मध्ये कायदा झाली. पण एका निर्णयाआधी फ्लोरा फाउंटनचा गोळीबार झाला होता, दुसऱ्याआधी 1972 चा दुष्काळ.

टोलचं प्रकरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलं. कोल्हापूर शहरातले सुमारे 50 किलोमीटर रस्ते खासगी कंपनीने करायचे आणि 30 वर्षे टोल घ्यायचा, या करारात लोकांनी निवडून दिलेली महापालिकाच सामील होती. त्याविरुद्ध उभे राहिले एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे. पाटलांनी विधिमंडळात अनेक वर्षे काढली होती, पुलोद सरकारात ते सहकारमंत्री होते. पण शहराला ते आठवतात ऐंशी ओलांडल्यावर मोर्चाच्या पुढे चालताना. 2014 ला सरकार बदललं आणि 2015 च्या अखेरीस टोल रद्द करण्याची घोषणा झाली. ती ऐकायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी 16 फेब्रुवारीच्या सकाळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. टोल मोर्चाने घालवला की मताने? मोर्चाने पुढाऱ्यांना शब्द द्यायला लावलं आणि मताच्या धाकाने तो पाळायला लावला, असं मला वाटतं.

हाच धाक उलटाही चालतो. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी एकामागून एक सरकारांचे उंबरठे झिजवले. मतं दुखावतील म्हणून विधेयक पडून राहिलं. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांची हत्या झाली आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला.

खरी चुरस बघायची तर ‘गोकुळ’ दूध संघाची निवडणूक बघावी. दूध घालणारे उत्पादक लाखांत, मत मात्र दूध संस्थेने ठराव करून पाठवलेल्या प्रतिनिधीचं, म्हणजे ठरावधारकाचं. 2021 ला असे ठरावधारक साडेतीन हजारांहून थोडे अधिक होते. पहाटे उठून म्हशीची धार काढणारी बाई त्या यादीत बहुधा नसतेच. ‘आमचं ठरलंय’ ही इथली गाजलेली घोषणा. काय ठरलंय, ते मतदाराला शेवटी कळतं. 2024 च्या जूनमध्ये कोल्हापूर मतदारसंघाने काँग्रेसतर्फे उभ्या राहिलेल्या, राजर्षींच्या घराण्यातल्या शाहू छत्रपतींना लोकसभेत पाठवलं आणि नोव्हेंबरात जिल्ह्याने विधानसभेच्या दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला दिली नाही. पुरोगामी जिल्हा म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

मला या सगळ्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड महत्त्वाचं वाटतं. शाहूंच्या स्मृतिशताब्दीला दोन दिवस उरले असताना, 4 मे 2022 ला, या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. दोन आठवड्यांच्या आत ग्रामविकास विभागाने राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. खात्याचे तेव्हाचे मंत्री हसन मुश्रीफ, याच जिल्ह्यातल्या कागलचे आमदार. साखर, दूध आणि जिल्हा बँकेच्या राजकारणात मुरलेल्या जिल्ह्यातून ही गोष्ट मुंबईला गेली.

अर्थात ठराव म्हणजे कायदा नव्हे. मोडला तर शिक्षा नाही. भाऊबंद अंगणात जमलेले असताना, हातावरच्या बांगड्या फुटायच्या आत, ‘हे आपल्या गावात बंद केलंय’ असं बोलणारं कुणीतरी तिथे लागतं. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या असल्याने बोलणारी अनेकदा सदस्यच असते, आणि पुढच्या पंचवार्षिकला तिला त्याच भाऊबंदांच्या दारात मत मागायला जायचं असतं.