नैराश्यावरील औषध आणि न विचारलेला प्रश्न

रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे आपण चारचौघांत सांगतो. नैराश्याची गोळी मात्र कपाटात दडवून ठेवतो, आणि तिच्यामुळे संसारात अडचण आली तर ती डॉक्टरांनाही सांगत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत जमा-नावे लिहिणारी माणसे. तरीही हा विषय समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावा असे वाटले, त्यास एक कारण घडले.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांना नैराश्याने ग्रासले. झोप उडाली, जेवण तुटले, कामात मन लागेना. उपचार सुरू झाले आणि दोन महिन्यांत ते बरेच सावरले. परंतु पती-पत्नीच्या संबंधांत अडचण येऊ लागली. लाजेपोटी त्यांनी कोणास विचारले नाही. एके दिवशी परस्पर गोळ्याच बंद केल्या. पुढे आजार उलटला, तो पहिल्यापेक्षा जोराने. औषध बदलून मिळाले असते, हे त्यांना व आम्हांलाही फार उशिरा कळले.

हे असे का होते? १९८७ साली अमेरिकेत फ्लुऑक्सेटीन या औषधास मान्यता मिळाली. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम, पॅरॉक्सेटीन ही त्याच गटातील औषधे. ती मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचा प्रभाव वाढवितात. त्यामुळे मन सावरण्यास मदत होते, पण कामेच्छा व कामसुखाच्या क्रियेला लगामही बसू शकतो. पुरुषांत वीर्यपतनास विलंब किंवा ताठरता कमी होणे, स्त्रियांत कोरडेपणा किंवा परमसुख न मिळणे आणि दोघांतही इच्छा मंदावणे, असे हे परिणाम आहेत. ते सर्वांनाच होतात असे नाही. पण विरळही नाहीत. रुग्ण आपणहून बोलत नाहीत आणि डॉक्टरांनी थेट विचारले तरच सांगतात, म्हणून ते पुष्कळदा नोंदलेच जात नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नैराश्य स्वतःच कामेच्छा मारते. मधुमेह, रक्तदाबाची काही औषधे आणि दारू यांनीही तोच त्रास होतो. म्हणून उपचारापूर्वी आपली स्थिती कशी होती हे डॉक्टरांना आधीच सांगितले, तर पुढे दोष कशाचा हे ठरविणे सोपे जाते.

सर्व औषधे सारखी नसतात. वरील गटात पॅरॉक्सेटीनमुळे हा त्रास अधिक आढळतो. बुप्रोपिऑन व मिर्टाझापीन यांच्यामुळे तो कमी होतो. मग सर्वांनी तीच का घेऊ नयेत? कारण प्रत्येकाची नावेबाजू वेगळी आहे. फेफरे येणाऱ्यास बुप्रोपिऑन देत नाहीत. मिर्टाझापीनने झोप व वजन वाढते. ज्याची झोप व भूक गेली आहे त्यास हाच दोष उपयोगीही पडतो. हा हिशेब प्रत्येक रुग्णाचा निराळा असतो, आणि तो डॉक्टरांसमवेत बसूनच मांडावा लागतो.

त्रास झालाच तर मार्ग आहेत. काही काळ वाट पाहणे, मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा जोडीला दुसरे औषध देणे. यांपैकी कोणता, हे डॉक्टरांनी ठरवावे. आपण होऊन गोळी एकदम सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे असे त्रास होतात, आणि आजार परतण्याचा धोका राहतो. बहुतेकांचा त्रास औषध थांबल्यावर ओसरतो. क्वचित काहींचा पुढेही रेंगाळतो, असा इशारा युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली दिला आहे. तोही आधी माहीत असावा.

विचारण्यात लाज कसली? मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २२ प्रमाणे उपचार व त्यांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा रुग्णास हक्क आहे. समोर बसून बोलणे जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. प्रश्न साधा आहे : "या गोळीने आमच्या वैवाहिक जीवनावर परिणाम होईल का? झाल्यास दुसरा उपाय आहे का?" शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही २०२२ पासून सल्ल्यासाठी उपलब्ध आहे.

त्या गृहस्थांनी पुन्हा उपचार घेतले. या वेळी पत्नीही सोबत गेल्या आणि प्रश्न त्यांनीच विचारला. औषध बदलले, आज दोघेही समाधानात आहेत. एका प्रश्नासाठी जे वर्ष वाया गेले, ते आपल्यापैकी कोणाचेही जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.