देशप्रभू, परब आणि पेडणेकर : आडनाव विरळ का होतं?

गोव्यातल्या वंशावळी शोधणाऱ्यांचा एक आवडता समज आहे. आडनाव जितकं विरळ, तितकं घराणं जुनं आणि मोठं. पेडण्याचं 'देशप्रभू' हे आडनाव घेतलं तर हा समज खराही वाटतो. पेडण्यात त्यांचा वाडा आहे, पोर्तुगीज राजवटीने या घराण्याला 'पेडण्याचा व्हिस्कोंद' हा किताब दिला, आणि माजी आमदार जितेंद्र देशप्रभू यांच्यामुळे अलीकडच्या पिढीलाही हे नाव ठाऊक आहे. पण पेडण्याबाहेर हे आडनाव क्वचितच कानावर येतं. उलट 'पेडणेकर' मुंबईत पावलोपावली भेटतात. एकाच गावाशी जोडलेल्या दोन आडनावांत एवढा फरक का, हे पाहिलं की आडनावं वाढतात कशी आणि आटतात कशी ते बरंचसं उलगडतं.

'देश' म्हणजे राष्ट्र नव्हे

आधी शब्द पाहू. देशमुख, देशपांडे, देशकुलकर्णी, देसाई या सगळ्या नावांतला 'देश' म्हणजे परगणा किंवा महाल, म्हणजेच काही गावांचा मिळून झालेला वसुलीचा मुलूख. 'प्रभू' ही कोकणात कारभाऱ्याला लागणारी उपाधी. म्हणजे देशप्रभू हे मूळचं पदाचं नाव आहे, वतनाशी बांधलेलं. ते एका महालात फार तर एकाच घराकडे असणार. गावकर गावागावात असतात, नाईक दहा प्रकारच्या कामांना लागतं, पण देशपातळीवरचं वतन मोजक्याच घरांत राहतं. इथे नाव सुरुवातीपासूनच एका मुळाचं आहे. ते फुटलं, वाढलं तरी त्याच घराच्या फांद्यांनी वाढणार.

नुसता 'प्रभू' मात्र जागोजाग होता. कोकणी उच्चारात त्याचं 'पोरोब' झालं, सिंधुदुर्गात आणि पेडण्यात 'परब' झालं. परब आज हजारोंनी आहेत, कारण त्या नावाला एक मूळ नाही, पुष्कळ मुळं आहेत. दोन परब भेटले म्हणून ते भाऊबंद असतीलच असं नाही. दोन देशप्रभू भेटले तर मात्र नातं बहुधा जवळच निघेल. विरळ आडनावाचा संशोधकाला खरा उपयोग हा आहे.

'कर' लागतो तो गाव सोडल्यावर

आता पेडणेकर. आडनाव हे मुळात वेगळं ओळखण्यासाठी असतं. पेडण्यातच राहणाऱ्या माणसाला पेडणेकर म्हणून काय साधणार? तिथे सगळेच पेडण्याचे. हे नाव उपयोगी पडतं ते तेरेखोल ओलांडून सावंतवाडीत गेल्यावर, किंवा बोटीने मुंबईला उतरल्यावर. म्हणून 'कर' लावलेलं आडनाव माणूस आज कुठे आहे ते सांगत नाही. त्याच्या पूर्वजांनी कोणतं गाव सोडलं ते सांगतं.

याचं ठळक उदाहरण घरातलंच आहे. 2014 ते 2017 या काळात मुख्यमंत्री असलेले लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे. पार्से आणि हरमल दोन्ही गावं पेडणे तालुक्यातली. म्हणजे पार्सेकर व्हायला फार लांब जावं लागत नाही, शेजारच्या गावात घर केलं तरी पुरतं. मांद्रेकर, कोरगावकर, धारगळकर, पालयेकर, तुयेकर, विर्नोडकर ही पेडण्याची. आमोणकर, पिळगावकर, साखळकर, मयेकर, नार्वेकर, कुडणेकर ही डिचोलीची. ही यादी म्हणजे तालुक्याचा नकाशाच आहे.

इटलीतही अगदी हेच घडलं. रोमानो, जेनोवेझे, पादोवानो ही आडनावं रोम, जेनोवा, पादोवा या शहरांवरून आली. त्यांतला अर्थही तोच : हा तिकडून आलेला. मोठ्या शहराचं नाव अनेकांना लागलं म्हणून ती आडनावं पसरली, आणि डोंगरातल्या एखाद्या वाडीचं नाव दोनचार घरांपुरतं राहिलं. आपल्याकडेही पेडणेकर पुष्कळ आणि एखाद्या लहान गावचे 'कर' मोजके, त्याचं एक कारण हेच आहे. दूरच्या लोकांना वाडीचं नाव कळत नाही, तालुक्याचं कळतं. म्हणून मुंबईला पोचल्यावर पेडणे महालातल्या लहान गावचा माणूससुद्धा सहज पेडणेकर होऊन जातो.

एकच नाव, तीन गावं

इथे एक सावधगिरी. गावावरून आलेलं आडनाव सापडलं की आपण लगेच नकाशावर बोट ठेवतो. पण केरी नावाची गावं पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी आहे, सत्तरीत आहे, फोंड्यातही आहे. थोर गायिका केसरबाई केरकर फोंड्यातल्या केरीच्या. पेडण्याचा केरकर त्यांचा गाववालाही नसेल. शिरोडे फोंडा तालुक्यात आहे आणि शिरोडा सिंधुदुर्गातही आहे, शिरोडकर दोन्हींकडचे. पेडण्यातल्या कोरगावचा कोरगावकर आणि देशावरच्या कोरेगावचा कोरेगावकर यांच्यात एका मात्रेचा फरक आहे, पण टंकलेखकाने ती मात्रा गाळली की दोन वेगळी कुळं एकत्र होतात. म्हणून आडनावासोबत कुलदैवत, मूळ वाडा आणि गावातला मान हे तीन पुरावे जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

स्त्रियांच्या बाजूने पाहिलं तर गुंता आणखी वाढतो. मोगूबाई कुर्डीकर सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचे अवशेष वर येतात. गाव बुडालं, आडनाव राहिलं. त्यांची मुलगी किशोरीताई लग्नानंतर आमोणकर झाल्या, म्हणजे डिचोलीतल्या आमोणे गावाशी जोडल्या गेल्या. संगीताचा वारसा आईकडून आला, आडनाव सासरकडून. फक्त आडनावाच्या दोरीने वर चढणारा संशोधक कुर्डीला कधीच पोचणार नाही.

जुन्या काबिजादी आणि नव्या

पेडणे-डिचोलीत आडनावांची इतकी विविधता का टिकली, याचं उत्तर राजकीय इतिहासात आहे. बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकापासून धर्मांतरं झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिश्चनांना पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं. त्याच सुमारास, 1563 मध्ये, ट्रेंटच्या धर्मसभेने चर्चमधल्या नोंदींना शिस्त लावली, आणि ही नावं वहीत पक्की झाली. नावं थोडी आणि माणसं पुष्कळ, म्हणून फर्नांडिस आणि डिसोझा यांची संख्या एवढी मोठी.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल मात्र 1781 ते 1788 या काळात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ मागे पडला होता. त्यामुळे इथली जुनी नावं, पदं, वतनं बहुतांशी तशीच राहिली. शिवाय कारभार मोडीतून होत असे. मोडी कागदात माणूस 'अमुक बिन तमुक, मौजे अमुक' असा येतो. आडनाव असेलच असं नाही. गावकारीतही खरी ओळख वांगडाची असे. अमक्या वांगडाचा गावकर एवढं पुरे, कारण बसलेले सगळे एकमेकांना ओळखत. आडनावाची खरी गरज लागली ती नोंदणी कचेरीत, जिथे ओळखणारं कोणी नव्हतं. 1910 नंतर पोर्तुगीज प्रजासत्ताकाने नागरी नोंदणी आणली आणि चालता-बोलता बदलणारी नावं कायमची गोठली.

लिपीने केलेली फाळणी

गोठली, पण पोर्तुगीज लिपीत. तिथे 'श' साठी एक्स, 'क' साठी सी किंवा क्यू, आणि शेवटच्या अनुस्वाराला एम. म्हणून पेडण्याचं पेर्नेम आणि डिचोलीचं बिशोलिम झालं. शेणवींचे सिनाय झाले, कामतांचे कामोतिम, केणींचे केनिम, प्रभूंचे पोरोबो. 1961 नंतर इंग्रजी वळणाची स्पेलिंगं आली. एका भावाने शाळेत नवं लावलं, दुसऱ्याने जुनंच ठेवलं, तिसऱ्याने उपाधी टाकून गावाचं नाव उचललं. एका घरात तीन आडनावं!

आडनावांची वारंवारता सांगणाऱ्या संगणकी याद्या अक्षरं मोजतात, घराणी नव्हे. त्या यादीत हे तीन भाऊ तीन 'विरळ' आडनावं म्हणून दिसतील. आणि दोन वेगवेगळ्या केरींचे केरकर मात्र एकच गणले जातील. म्हणून यादीवर विश्वास ठेवण्याआधी आपल्या आडनावाची सगळी रूपं कागदावर लिहून काढावीत, मगच बेरीज करावी.

काहीही न घडता नाव संपतं

आता मूळ प्रश्न : विरळ म्हणजे थोर का? इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांना हाच प्रश्न पडला होता. नामांकित घराणी नामशेष का होतात? 1874 मध्ये त्यांनी हेन्री वॉटसन या गणितज्ञासह त्याचं गणित मांडलं. आपण ते सोपं करून पाहू.

समजा शंभर घराणी आहेत, प्रत्येकात एकच पुरुष. प्रत्येकाला मुलगा नसण्याची शक्यता चार आण्यांची, एक मुलगा असण्याची आठ आण्यांची, दोन असण्याची चार आण्यांची. सरासरी दरडोई एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. तरीही पहिल्या पिढीत 25 आडनावं संपतात. तिसऱ्या पिढीपर्यंत सुमारे 48 जातात, पाचव्यापर्यंत सुमारे 60. साथ नाही, दुष्काळ नाही, लढाई नाही. उरलेली चाळीसेक नावं सगळी माणसं वाटून घेतात, त्यांतली काही फोफावतात, काही एका दिव्यावर राहतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, एकाच मुळाचं नाव विरळ राहणं ही साधी गोष्ट आहे. त्याला राजेपण लागत नाही. देशप्रभू विरळ आहेत ते व्हिस्कोंद होते म्हणून नव्हे, मूळ एक होतं म्हणून. दोन, नाव संपलं म्हणजे वंश संपला असं नाही. मुलींची घरं चालूच असतात, फक्त दुसऱ्या नावाने.

नावात गाव, गावात नाव नाही

हा सगळा हौसेचा विषय वाटेल, पण गोव्यात आडनाव जमिनीपर्यंत पोचतं. मये गावाचं उदाहरण बघा. तिथली बरीच जमीन मयेच्या कोंदाच्या, म्हणजे काउंटच्या, नावावर होती. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालला गेले आणि 1964 च्या कायद्याखाली ती स्थलांतरित मालमत्ता ठरून सरकारी देखरेखीखाली गेली. पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणाऱ्या, कसणाऱ्या लोकांना आपल्या घराखालच्या जमिनीच्या हक्कासाठी दशकं झगडावं लागलं. 2014 मध्ये विधानसभेने त्यासाठी कायदा केला. गाव सोडून गेलेला मयेकर गावाचं नाव मिरवत राहिला, आणि गावात राहिलेल्याला कागदावर गाव मिळेना.

एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव पोर्तुगीज वळणाचं, जन्मदाखल्यावर वडिलांचं इंग्रजी वळणाचं, आधारवर नातवाचं तिसरंच. वारसाच्या कामात हे तिघे एकच घर आहे हे सिद्ध करताना कुटुंबांचा जीव मेटाकुटीला येतो. गोव्यात नाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. पण बदललेलं नाव जुन्या नावाशी जोडणारा कागद घरात जपलेला नसेल तर पुढची पिढी अडते. पेडण्यात मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला, जमिनीला भाव आला, आणि असे जुने कागद आता जास्तच निकडीचे झाले आहेत.

सुरुवात कुठून करावी

ज्यांना आपल्या आडनावाचा माग काढायचा आहे त्यांनी उलट क्रमाने जावं. आधी घरातली म्हातारी माणसं : कुलदैवत कोणतं, शिमग्याला मान कोणत्या देवळात, वांगड कोणता. मग गावाच्या मतदारयादीत आडनाव किती घरांत आहे ते मोजावं, शेजारच्या तालुक्यात आणि तेरेखोलपलीकडेही. मग एक-चौदा आणि नागरी नोंदणीचे दाखले. त्यानंतर कोमुनिदादची वही. शेवटी पणजीचं पुराभिलेख खातं. त्या संग्रहाची सुरुवात 1595 ची, आणि तिथे पोर्तुगीजबरोबर मोडी कागदही आहेत. मोडी वाचता येत नसेल तर शिकून घ्यावी, चारसहा महिन्यांत हात बसतो.

आणि एक यादी आजच करावी. घरातल्या सुनांची माहेरची आडनावं आणि गावं, जितक्या पिढ्या आठवतात तितक्या. मतदारयादीत ती मिळणार नाहीत, आणि आठवणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.