माईकची शिट्टी आणि पडद्यावरचे चित्र



आपल्या पाड्यांवरच्या मेळाव्यांत आता प्रोजेक्टर आला आहे. मांडवात अगदी मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि तेच चित्रण पुढे दूरच्या पाड्यांवर दाखवता येते. पण कॅमेरा आणि पडदा आल्यापासून माईक जास्तच शिट्ट्या मारतो, असे बरेच कार्यकर्ते सांगतात. म्हणून हे थोडे सविस्तर लिहिते.

माईकने पकडलेला आवाज अँप्लिफायर मोठा करतो आणि स्पीकर तो बाहेर सोडतो. तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की पुन्हा मोठा होतो. प्रत्येक फेरीला तो थोडा थोडा वाढत गेला, तरी क्षणात त्याची किंकाळी होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्या नावावरून याला 'लार्सेन परिणाम' म्हणतात.

एवढे आपल्या साऊंडवाल्यांना ठाऊक असते. लक्षात येत नाही ते पुढचे. कॅमेऱ्यालाही कान असतात. कॅमेरा किंवा फोन एचडीएमआय केबलने प्रोजेक्टरला जोडला की त्याच केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. प्रोजेक्टरचा स्पीकर तो मांडवात सोडतो आणि कॅमेरा तो परत ऐकतो. प्रोजेक्टरमधून मिक्सरला वायर घेतली असेल तर विचारूच नका. साऊंडवाला बिचारा व्यासपीठावरचे माईक एकेक करून बंद करत राहतो, पण शिट्टी थांबत नाही, कारण ओरडणारा माईक कॅमेऱ्याच्या पोटात असतो. कधी शिट्टीऐवजी दरीत हाक मारल्यासारखे शब्द मागून पुन्हा ऐकू येतात. केबल आणि प्रोजेक्टरमधून येताना आवाजाला जो किंचित उशीर होतो, त्याचा हा परिणाम.

उपाय सोपा आहे. पडद्याकडे फक्त चित्र जाऊ द्यावे, आवाज नाही. प्रोजेक्टरचा आवाज शून्यावर ठेवा. मध्ये लॅपटॉप असेल तर त्याचाही स्पीकर बंद करा. ओबीएस वापरणाऱ्यांनी ऑडिओ मॉनिटरिंग 'मॉनिटर ऑफ'वर आहे का ते पाहावे. चित्रणात आवाज नीट येतो की नाही, हे कॅमेरा धरणाऱ्याने हेडफोन लावून ऐकावे. कार्यक्रमाच्या मध्ये एखादी फिल्म दाखवायची असेल तेव्हा लॅपटॉपचा आवाज सुरू करावा लागतो. फिल्म संपल्यावर तो बंद करायचे हमखास राहून जाते, म्हणून ते काम एकाच माणसाकडे द्या.

चित्रणासाठी चांगला आवाज हवा असेल तर खर्चाची गरज नाही. दुसरा एखादा फोन फ्लाईट मोडवर टाकून, व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून बोलणाऱ्याजवळ ठेवा. तो फक्त ऐकतो, काही वाजवत नाही, त्यामुळे शिट्टीचा प्रश्नच नाही. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते.

एका मेळाव्यात एक वयस्कर सुईण आपल्या पावरी बोलीत बाळंतपणाबद्दल सांगायला उभी राहिली होती. तिचा आवाज बारीक, म्हणून ऑपरेटरने बटण वाढवले. दोनदा किंकाळी झाली, पोरे हसली, तिने माईक खाली ठेवला आणि ती जागेवर जाऊन बसली. पुन्हा उठली नाही. भाषणाची सवय असलेले पाहुणे शिट्टी झाली तरी बोलत राहतात. ज्यांचे आपण ऐकायला हवे, तेच गप्प होतात.

हळू बोलणाऱ्यासाठी बटण फिरवू नका, माईक जवळ न्या. हातभर अंतरावरचा माईक वीतभर अंतरावर आणला की अंतर निम्मे होते आणि माईकमध्ये शिरणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. आजीबाईंना माईक धरायला संकोच वाटत असेल तर शेजारी एखादी ओळखीची मुलगी बसवून तिच्या हाती द्या. मात्र जाळीवर मूठ आवळू नका. तसे केले की माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी लवकर येते. स्पीकर माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून असावेत. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज पत्र्यावर आपटून परत येतो, तिथे ते थोडे खाली झुकवा. ज्या माईकवर कोणी बोलत नाही तो बंदच बरा.

लोक जमण्याआधी आवाज हळूहळू वाढवून पाहा. जिथे घुमायला लागतो तिथून थोडा मागे या. गर्दी झाल्यावर माणसे आणि कपडे आवाज शोषतात, तेव्हा थोडी सवलत मिळते.

कॅमेरा पडद्याकडे वळला तर पडद्यात पडदा, त्यात पुन्हा पडदा, असा बोगदा दिसतो. पोरांना फार आवडतो! तोही असाच फेरा, फक्त प्रकाशाचा. त्याने कान फुटत नाहीत, पण चित्रण वाया जाते.

निघताना सामानाच्या पेटीत हेडफोन आणि प्रोजेक्टरचा रिमोट आठवणीने टाका. काही प्रोजेक्टरवर आवाज कमी करायचे बटण रिमोटवरच असते.