गावचा प्रश्न, वरच्या सभागृहात

सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्था हे विधान परिषदेच्या एका मतदारसंघाचे नाव. साताऱ्याचे ११ आणि सांगलीचे १० तालुके, म्हणजे महाबळेश्वरच्या पावसापासून जतच्या कोरड्या माळापर्यंतचा सगळा मुलूख त्यात येतो. २०११च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ५८ लाख भरली. मत देणारे मात्र पाच-सहाशेच्या घरात. जिल्हा परिषदांचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती आणि नगरपालिका, नगरपंचायती, महापालिकेतले नगरसेवक मिळून इथला आमदार निवडतात. २०१६ साली मोहनराव कदम निवडून आले. डिसेंबर २०२२मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षे ही जागा रिकामीच राहिली. संपादकांनी विषय दिला तो एवढाच : या जागेवरचा आमदार नेमके करतो काय, आणि तो नसला तर कोणाचे काय अडते?

परिषदेची रचना सगळ्यांनी नागरिकशास्त्रात वाचलेली असते. एकूण ७८ जागा : ३० विधानसभेतून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या आणि १२ राज्यपालनियुक्त. मुदत ६ वर्षांची. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, म्हणून सभागृह कधी विसर्जित होत नाही. पदवीधर आणि शिक्षक यांचे पुणे मतदारसंघ पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे ५ जिल्हे व्यापतात. कुंडलचे अरुण लाड, म्हणजे प्रतिसरकारातल्या जी. डी. बापू लाडांचे चिरंजीव, २०२०मध्ये पदवीधरांमधून निवडून आले.

अशी व्यवस्था आपल्याकडेच आहे असे नाही. आयर्लंडच्या सिनेटमध्ये ६० सदस्य असतात आणि त्यातल्या ४३ जणांच्या निवडणुकीत सर्वाधिक मते असतात ती गावोगावच्या नगरसेवक-परिषद सदस्यांची. त्यामुळे तिथला ग्रामीण सिनेटर कामकाजाच्या सुरुवातीलाच एखाद्या गावचा रस्ता, शाळेची बस, दवाखान्यातला डॉक्टर असा एखादा विषय उभा करतो आणि मंत्र्याला त्यावर उत्तर द्यावे लागते. २०१३ साली हे सभागृहच बंद करावे का, असे सार्वमत घेतले गेले. थोड्या मतांनी का होईना, लोकांनी ते राखले. राज्यसभेत सदस्य नेमण्याची पद्धत आपल्या घटनाकारांनी याच देशाच्या राज्यघटनेवरून घेतली.

आपली विधान परिषद सरकार पाडू शकत नाही. अर्थविषयक विधेयक ती १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. साधे विधेयकही फार तर काही महिने लांबते. तिच्या हातात खरे बळ एकच, विचारण्याचे. या विचारण्याच्या पद्धतीत मी जसजसा शिरत गेलो, तसतसा त्यातल्या एका जुन्या अवजाराने मला धरून ठेवले. ते म्हणजे तारांकित प्रश्न.

समजा, खटाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर पाणी योजनेची टाकी उभी राहून दोन वर्षे झाली, बिल निघाले, पण नळाला पाणी नाही. ग्रामसभेत ठराव झाला, पंचायत समितीला निवेदन दिले, उपअभियंत्याकडे हेलपाटे झाले. यापैकी कोणालाही उत्तर देण्याची सक्ती नाही. हाच विषय आमदाराने प्रश्न म्हणून विधानमंडळ सचिवालयात दिला, की त्याचे रूप बदलते. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असे म्हणून खाली क्रमांक लागतात. पहिला : अमुक गावातली योजना बंद आहे, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळले? तिसरा : त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटचा : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

ही चार कलमे वाचायला रुक्ष आहेत, पण त्यांची बांधणी पक्की आहे. पहिल्या कलमाला ‘होय’ म्हटले की दुसरे दार उघडते. ‘नाही’ म्हटले तर चौथे कलम वाट अडवून उभेच असते. उत्तर छापले जाते, पटलावर ठेवले जाते, त्यावर मंत्र्याचे नाव असते. खोटे छापले तर हक्कभंगाची टांगती तलवार असते. तारांकित असल्यामुळे सदस्य उभा राहून उपप्रश्न विचारू शकतो. उत्तर अपुरे वाटले तर पीठासीन अधिकारी प्रश्न राखून ठेवतात आणि खात्याला पुन्हा तयारी करून यावे लागते. मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले की ते आश्वासन ठरते आणि ते पुरे झाले की नाही, हे पाहायला आश्वासन समिती आहे.

खरी गंमत पुढे आहे. प्रश्न मंत्रालयात खात्याकडे जातो, कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, तिथून गटविकास अधिकारी, शाखा अभियंता आणि शेवटी ग्रामसेवकापर्यंत. ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे विधानमंडळातून प्रश्न आला आहे, हे दोन शब्द ज्याने सरकारी कचेरीत नोकरी केली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. अधिवेशनाच्या दिवसांत रजा मिळत नाहीत, रात्री कचेऱ्यांचे दिवे जळतात, फोनवर माहिती मागितली जाते. ज्या टाकीकडे दोन वर्षे कोणी फिरकले नाही, तिथे शाखा अभियंता मोटारसायकलवरून येतो, फोटो काढतो, पंपाचा क्रमांक लिहून घेतो, मोटर जळाली की वीजजोडणीच मिळाली नाही हे विचारतो. कित्येकदा मंत्र्याचे उत्तर छापून होण्याआधीच वीजजोडणी मिळते, कारण ‘योजना सुरू आहे’ एवढे लिहिता यावे, ही सगळ्या साखळीची निकड असते. लोकशाहीने गावासाठी घडवलेले याहून उपयोगी अवजार मला दुसरे दिसले नाही.

तारांकित प्रश्नाच्या जोडीला लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, विशेष उल्लेख आहे. एसटीची मुक्कामी गाडी बंद झाली, रोहित्र जळून महिना झाला, पाणंद रस्त्यावर अतिक्रमण झाले, उपकेंद्रात परिचारिकेची जागा रिकामी आहे. अशा रोजच्या गाऱ्हाण्यांना वरच्या सभागृहात शिरायच्या या वाटा आहेत.

या वाटांचे महत्त्व ओळखणारी माणसे याच दोन जिल्ह्यांनी दिली. राज्य स्थापन झाले त्या १९६० सालापासून १९७८पर्यंत वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. वाळवे तालुक्यातल्या बागणीत जन्मलेला, वकिलीचे शिक्षण घेतलेला हा माणूस. सभापतीला प्रश्न विचारता येत नाही, चर्चेत भाग घेता येत नाही. पण तासगावच्या दुष्काळी भागातल्या माणसाचा प्रश्न पाग्यांच्या डोक्यातून गेला नाही. पाऊस नाही म्हणून शेतात काम नाही, काम नाही म्हणून चूल थंड, आणि मुंबई गाठावी तर घर मोडते. मागेल त्याला काम देता येईल का, याचा हिशेब त्यांनी मांडला, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी तो उतरवला आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूर भागात प्रयोग सुरू झाला. १९७२च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर गेली. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. नाव नोंदवल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा, आणि खर्चासाठी शहरातल्या पगारदार-व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घ्यायचा, त्यात सरकारने तेवढीच भर टाकायची. काम मागणे हा हक्क आहे, हे देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने कायद्यात लिहिले. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा तिच्यापुढे नमुना होता तो याच कायद्याचा. एका तालुक्यातले गाऱ्हाणे नीट मांडले तर ते किती लांब जाते, याचा याहून मोठा दाखला नाही.

दुसरे नाव प्रा. एन. डी. पाटील यांचे. ढवळीचा हा शेतकऱ्याचा मुलगा विधान परिषदेत १८ वर्षे होता. आकडे, सरकारी निर्णय आणि कायद्याची कलमे यांची तयारी करूनच ते बोलायला उभे राहत. समोरचा मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, एनडी उभे राहिले की फाइल उघडूनच उत्तर द्यावे लागे. पुढेही सभापतिपद या भागाकडे येत राहिले : शिराळ्यातल्या कोकरूडचे शिवाजीराव देशमुख आणि त्यांच्यानंतर २०१५ ते २०२२ फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर. इतका वारसा असलेल्या मुलखाची स्वतःची जागा तीन वर्षे रिकामी राहावी, ही गोष्ट मनाला लागते.

ती रिकामी का राहिली, याचे कारण समजून घेतले पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि राज्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका थांबल्या. मार्च २०२२मध्ये सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपली, नगरपालिकांची त्याआधी-नंतर. बहुतेक ठिकाणी प्रशासक बसले. अशा मतदारसंघात किमान ७५ टक्के संस्था आणि ७५ टक्के मतदार अस्तित्वात असल्याखेरीज निवडणूक आयोग निवडणूक घेत नाही. पुरेसे मतदारच उरले नाहीत, तर आमदार निवडणार कोण? मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे सांगितले. नगरपरिषदांचे मतदान व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही आणि त्यांनी पाठवायचा परिषदेतला आमदारही नाही, असे तिहेरी मुकेपण या गावांनी सोसले.

जागा रिकामी झाली, त्याच सुमाराचा काळ जत तालुक्याच्या दृष्टीने कसोटीचा होता. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला. तिथल्या ग्रामपंचायतींनी पूर्वी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, हा त्यांचा आधार. राजधानीत अस्मितेवर भाषणे झाली, पण पूर्व भागातल्या माणसाचे म्हणणे साधे होते : म्हैसाळ योजनेचे पाणी आमच्यापर्यंत आणा. हा प्रश्न वर्षानुवर्षे वरच्या सभागृहात कलमवार विचारला जात राहिला असता, तर ठराव करण्याची पाळी आली नसती, असे माझे ठाम मत आहे.

यातच एक मोठी तफावत दडली आहे. जतच्या शिवेपलीकडे विजयपूर जिल्ह्यात ग्रामपंचायतीच्या सदस्याला कर्नाटक विधान परिषदेच्या निवडणुकीत मत आहे. अलीकडे जतमधल्या सरपंचाला ते नाही. आपल्याकडे ग्रामीण भागात मताचा हक्क पंचायत समितीच्या सभापतीच्या खाली उतरतच नाही. कोणत्या राज्यात कोणत्या संस्था मतदार, याची यादी १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. ती बदलायची तर संसदेला बदलावी लागेल. पाच-सहाशे मतदार असले की निवडणूक पक्षांच्या बेरजेवर आणि मतदारांना सहलीवर नेण्यावर येऊन ठेपते. दोन जिल्ह्यांतल्या हजारो ग्रामपंचायत सदस्यांना मत मिळाले, तर एवढ्या लोकांना सहलीवर नेता येणार नाही. उमेदवाराला गावात यावे लागेल आणि नळाला पाणी का नाही, हे ऐकून घ्यावे लागेल.

अवजारालाही गंज चढू शकतो, हे मान्य केले पाहिजे. ‘अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशा उत्तरांनी कागद भरता येतो. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो आणि तारांकित प्रश्न नुसता छापील उरतो. यावर उपाय एकच : विचारणारा चिवट हवा आणि त्याच्या मागे उत्तर वाचणारे लोक हवेत. प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत असतात आणि विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आपल्या तालुक्याचे नाव त्यात शोधावे, छापलेले उत्तर गावातल्या वस्तुस्थितीशी ताडून पाहावे आणि खोटे आढळले तर पुराव्यासह आमदाराला कळवावे. सदस्यामार्फत विनंती अर्ज समितीकडेही जाता येते.

नव्याने निवडून येणाऱ्या सातारा-सांगलीच्या जिल्हा परिषद सदस्यांना आणि नगरसेवकांना माझी हात जोडून विनंती आहे. परिषदेच्या जागेसाठी तुमच्याकडे मत मागायला कोणी आले, तर पक्ष आणि पाहुणचार बाजूला ठेवून त्याला एकच विचारा : आमच्या तालुक्यातले कोणते प्रश्न पहिल्या अधिवेशनात लेखी देणार, ते आत्ता सांगा. ज्याला पाच प्रश्नही सांगता येणार नाहीत, त्याला ती खुर्ची देऊ नका.