ताऱ्यांशी संपर्क तुटतो तो असा

विज्ञानकथेत साम्राज्य कोसळायचं ठरलं की लेखक आधी संदेशवहन बंद पाडतो. ताऱ्याताऱ्यांवर वसलेली माणसं एकाकी पडतात, दूरच्या वसाहतींत अफवा उठतात, कालचे सुभेदार आज स्वतःला राजे म्हणवून घेतात. कारणंही तशीच दणदणीत असतात : परक्यांची स्वारी, ताऱ्याचा स्फोट, नाहीतर यंत्रांचं बंड. वाचायला मजा येते. पण सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोचलेल्या यानाशी माणसाचं बोलणं खरोखरच बंद पडलं, तेव्हा गुन्हेगार निघाली एक जुनी चिप.

ती गोष्ट व्हॉयेजर-१ची. १९७७च्या ५ सप्टेंबरला सुटलेलं हे यान ऑगस्ट २०१२मध्ये आंतरतारकीय अवकाशात शिरलं. त्याचं जोडीचं यान व्हॉयेजर-२ नोव्हेंबर २०१८मध्ये पलीकडे गेलं. आंतरतारकीय संपर्क म्हणून आज माणसाकडे जे काही आहे, ते या दोघांशी चालणारं बोलणं. दुसरी लाइन नाही.

ही दोघं आकाशात आहेत तरी कुठे? परभणीहून मानवत रोडकडे निघालं की पेडगाव लागतं. तिथल्या शिवारातून मे महिन्यात रात्री दीड-दोनला वर पाहिलं, तर भुजंगधारी तारकासमूह जवळजवळ डोक्यावर आलेला असतो. व्हॉयेजर-१ त्याच दिशेला आहे. व्हॉयेजर-२ मयूर तारकासमूहाच्या दिशेला असल्यामुळे पेडगावच्या दक्षिण क्षितिजावर जेमतेम अकरा-बारा अंश चढतं आणि उतरतं. यानं डोळ्यांना दिसत नाहीत, हे सांगायला नको. पण दिशेला महत्त्व आहे. नासाची दूरसंपर्काची केंद्रं तीन : कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. पहिल्या दोन ठिकाणी व्हॉयेजर-२ क्षितिजाच्या वर येतच नाही. त्याला आज्ञा द्यायची तर कॅनबेराची ७० मीटर व्यासाची तबकडी हा एकच आधार. मार्च २०२०मध्ये ती दुरुस्तीला घेतली, तेव्हा कित्येक महिने यानाचं बोलणं ऐकू येत होतं, पण नेहमीच्या आज्ञा पाठवता येत नव्हत्या.

आता बिघाडांकडे येऊ. २१ जुलै २०२३ला व्हॉयेजर-२ला पाठवलेल्या आज्ञांमध्ये चूक राहिली आणि यानाचा अँटेना पृथ्वीपासून फक्त दोन अंशांनी वळला. दोन अंश म्हणजे काहीच नाही, असं जमिनीवर वाटतं. जवळपास दोन हजार कोटी किलोमीटरवरून ती पूर्ण फारकत ठरली. शेवटी कॅनबेरातून पूर्ण ताकदीनिशी ‘ओरडून’ अँटेना वळवण्याची आज्ञा दिली. ती पोचायला साडेअठरा तास, पोचली की नाही हे कळायला आणखी साडेअठरा. ४ ऑगस्टला यान परत बोलू लागलं.

व्हॉयेजर-१चं दुखणं जास्त विचित्र होतं. १४ नोव्हेंबर २०२३ पासून संदेश येत होता, पण त्यात अर्थ नव्हता. यानावर माहितीची मोट बांधणारा जो संगणक आहे, त्याच्या स्मृतीतला सुमारे तीन टक्के भाग एका चिपमुळे निकामी झाला होता. चिप बदलायला माणूस जाणार कुठून? अभियंत्यांनी त्या भागातला प्रोग्राम तुकडे करून उरलेल्या स्मृतीत मिळेल तिथे बसवला आणि तुकड्यांचे एकमेकांशी धागे नव्याने जुळवले. १८ एप्रिल २०२४ला पहिली दुरुस्ती पाठवली, २० एप्रिलला उत्तर आलं. ज्यांनी हा संगणक घडवला, त्यांच्यातले बरेचसे आता हयात नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीचे कागद उकरून काम करावं लागलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला खरा नायक तो कागद जपून ठेवणारा कोणीतरी कारकून आहे.

संपर्क तुटण्याच्या याच भानगडीसाठी रेल्वेत लेखी नियम आहेत. पेडगावसारख्या स्टेशनचा मास्तर पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही. सगळी साधनं एकदम बंद पडली तर एकेरी मार्गावर आधी इंजिन सावकाश पुढे धाडून तुटलेला संपर्क जोडून घ्यायचा असतो. ताऱ्यांच्या वाटेवर नेमकी हीच सोय नाही. तिथे प्रकाशाहून वेगाने धावणारं इंजिन नाही आणि रेडिओ संदेशही प्रकाशाच्याच वेगाचा बांधील आहे. ही अडचण ओळखूनच उर्सुला ली ग्विन यांनी १९६६च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीत क्षणात संदेश पोचवणारं ‘ॲन्सिबल’ नावाचं यंत्र कल्पिलं. पुढे अनेक लेखकांनी ते उसनं घेतलं. सापेक्षता सिद्धांत त्याला परवानगी देत नाही. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे प्रश्न विचारला तर उत्तर साडेआठ वर्षांनी. म्हणजे तिथली वसाहत नष्ट झाली, तरी ती धडधाकट आहे असं समजून आपण चार वर्षं शुभेच्छा पाठवत राहू. कथालेखकांनी एका रात्रीत साम्राज्य बुडवण्यापेक्षा ही गोष्ट लिहावी. ती जास्त भयंकर आहे.

यानाशी संपर्क तुटल्याची खबर महाराष्ट्रानेही एकदा थेट ऐकली आहे. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचं ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संदेश तिथे थेट ऐकला जात होता. तो उतरण्याच्या ऐन बेताला थांबला. चौकशीत कळलं, की फिरण्याची गती मोजणारं उपकरण सुमारे एका सेकंदापुरतं भांबावलं आणि यानाच्या संगणकाने हिशोब केला की आपण जमिनीच्याही खाली आहोत. मग त्याने छत्री टाकून दिली, इंजिनं बंद केली. यान तेव्हा जमिनीपासून काही किलोमीटर उंच होतं.

व्हॉयेजरचा शेवट असा एका क्षणात होणार नाही. त्यांच्या प्लुटोनियमच्या वीजस्रोताची ताकद दर वर्षी सुमारे चार वॉटने घटते, म्हणून एकेक उपकरण बंद करत आयुष्य वाढवणं चाललं आहे. प्रक्षेपक जेमतेम २३ वॉटचा आणि अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद एक चतुर्थांश उरते. वीज संपल्यावर बोलणं संपेल, पण यानांवरच्या सोनेरी तबकड्या तशाच पुढे जातील. त्यांत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई वारल्या १६ सप्टेंबर १९७७ला, व्हॉयेजर-१ सुटल्यानंतर अकराव्या दिवशी.

नोव्हेंबर २०२६च्या मध्यावर व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस दूर असेल, म्हणजे तिथे हाक पोचायला २४ तास लागतील. यानांशी या घडीला कोण बोलतंय, ते पाहायचं असेल तर मोबाइलवर नासाचं ‘डीएसएन नाउ’ हे पान उघडा. कॅनबेराच्या ४३ क्रमांकाच्या तबकडीखाली ‘व्हीजीआर २’ अशी अक्षरं दिसली, तर संपर्क चालू आहे असं समजा.