बाह्यवळण रखडले, फुप्फुसांचे काय?

"डॉक्टर, मी विडी ओढत नाही, तंबाखूला हात लावत नाही, मग हा खोकला कशाचा?" थंडीच्या दिवसांत असे विचारणारे गृहस्थ दवाखान्यात हमखास येतात. दुकान कुठे, असे विचारावे तर उत्तर येते, वसमत रस्त्यावर नाहीतर पाथरी रस्त्यावर.

कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक २२२, आताचा ६१) मानवत, परभणी, वसमत करीत नांदेडकडे जातो. या जुन्या प्रभावतीनगरीला बाह्यवळण रस्ता हवा, ही मागणी वर्षानुवर्षे रखडली. तोवर कापसाच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि परराज्यांतले ट्रक वस्तीतूनच गेले. भूसंपादनावर पुष्कळ बोलले गेले, रस्त्याकाठच्या माणसांच्या छातीवर फारसे नाही.

धूळ शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. डिझेलच्या धुरातले कण मात्र केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवीत नाही. ते थेट फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. दमा उसळतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला.

परभणीच्या थंडीत हे अधिकच बाधते. पहाटे जमिनीलगतची हवा गार व जड असते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो. नेमके त्याच वेळी आपले ज्येष्ठ मफलर गुंडाळून महामार्गाच्या कडेने झपझप फिरतात! चालताना श्वास वाढतो, तसा धूरही जास्त आत जातो. फिरणे सोडू नये. ऊन वर आल्यावर निघावे आणि रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आतल्या गल्लीने किंवा मैदानात फिरावे.

दुकानदारांनी पाणी शिंपडून मगच झाडावे. बरे वाटले म्हणून दम्याचा पंप मनाने बंद करू नये. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर सगळा दोष धुराला देऊन मोकळे होऊ नका. थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

पुण्याचा कात्रज-देहूरोड बाह्यवळण रस्ता पाहता पाहता शहराच्या पोटात गेला. तेव्हा आपल्या बाह्यवळणाकाठी प्लॉट घेणाऱ्यांनी घर रस्त्यापासून मागे बांधावे आणि मधल्या जागेत कडुनिंब, करंज दाट लावावेत.