टाकीची सफाई आणि उरलेल्या अंशाचा हिशेब

शहापूर तालुक्यातील आटगाव स्थानकावरून तानसा धरणाकडे रस्ता जातो. १८९२ मध्ये पूर्ण झालेले हे धरण आणि याच तालुक्यातील भातसा धरण मुंबईची तहान भागवितात. परंतु उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा भागात टाकी धुताना किती पाणी खर्ची पडते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर शालेय अंकगणितातील एका परिचित उदाहरणात आहे.

भांड्यात ४० लिटर दूध आहे. त्यातून ४ लिटर काढून तेवढेच पाणी घातले आणि ही कृती तीनदा केली, तर दूध किती उरेल? पुष्कळ विद्यार्थी ४० मधून १२ वजा करून २८ लिटर असे उत्तर देतात. ते चूक आहे. दुसऱ्या वेळी काढलेल्या ४ लिटरांत थोडे पाणीही असते. दूध केवळ ३.६ लिटर जाते, तर तिसऱ्या वेळी ३.२४ लिटर. प्रत्येक वेळी नऊ-दशांश दूध उरते. म्हणून ४० ला ०.९ ने तीनदा गुणावे. उत्तर २९.१६ लिटर येते. येथे वजाबाकी नव्हे, तर उरणाऱ्या अंशाचा गुणाकार करावयाचा असतो.

आता हाच नियम टाकीला लावू. समजा, १०,००० लिटरची टाकी निर्जंतुक केल्यावर तिच्यातील पाण्यात दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. पर्यायी स्रोत नसल्यास तो १ मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

प्रत्येक वेळी निम्मी टाकी रिकामी करून भरली, तर क्लोरीन २५, १२.५, ६.२५ असा निम्मा होत जातो आणि सहाव्या वेळी ०.७८ वर येतो. त्यासाठी ३०,००० लिटर नवे पाणी लागते. याउलट तोटीच्या पातळीपर्यंत टाकी उपसली आणि तळाशी केवळ १,००० लिटर राहिले, तर पहिल्या भरणीनंतर ५ व दुसऱ्या भरणीनंतर ०.५ मिलिग्रॅम उरतो. खर्च १८,००० लिटर. म्हणजे १२,००० लिटरांची बचत. वरून पाणी सोडून खालची तोटी उघडी ठेवण्याची रीत सर्वांत खर्चिक होय. एक टाकीभर पाणी वाहून गेले तरी सुमारे ३७ टक्के क्लोरीन आत राहतो आणि १ मिलिग्रॅमपर्यंत येण्यास सुमारे ३९,००० लिटर लागतात.

या हिशेबाला मर्यादा आहेत. पाणी पूर्ण मिसळते असे येथे गृहीत धरले आहे. तळाचा गाळ मिसळत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. क्लोरीन काही प्रमाणात आपोआपही कमी होतो. म्हणून पिण्यास पाणी देण्यापूर्वी क्लोरीनची चाचणी करणे आवश्यक आहे.

तात्पर्य, थोडे-थोडे अनेकदा उपसण्यापेक्षा जास्तीत जास्त खोल उपसणे हिताचे आहे. नव्या टाकीच्या अंदाजपत्रकात अगदी तळाशी निचऱ्याची झडप धरली, तर तळाशी साचून राहणारे पाणीही निघून जाईल आणि दुसरी भरणी वाचेल. शिक्षकांनी दुधाच्या उदाहरणासोबत शाळेच्या टाकीचे माप विद्यार्थ्यांकडून घ्यावे. पंचायतीला त्याच मापांवरून सफाईचे वेळापत्रक आखता येईल.